बँक स्टेटमेंट लोन: अमेरिकेत अनियमित कमाईवर घर घेताना कितपत कामाचं?

अमेरिकेत स्वतःच्या व्यवसायावर जगणाऱ्या माणसाला घराचं कर्ज नाकारलं जातं, ते बहुतेकदा कमाई कमी आहे म्हणून नाही, तर कागदावर ती कमी दिसते म्हणून. मार्चमध्ये तीन हजार डॉलर आले आणि सप्टेंबरमध्ये चौदा हजार आले, याचं अंडररायटरला, म्हणजे कर्जाचा अर्ज तपासून मंजूर करणाऱ्याला, फारसं वावडं नसतं. तो शेवटी वर्षाची किंवा दोन वर्षांची सरासरीच काढतो. गाडी अडते ती टॅक्स रिटर्नवर. कर वाचावा म्हणून सगळा खर्च दाखवलेला असतो, निव्वळ नफा खाली आलेला असतो आणि बँक त्या खाली आलेल्या आकड्यावरच कर्ज मोजते.

अशा वेळी ब्रोकर हमखास पुढे करतात ते ‘बँक स्टेटमेंट लोन’. यात टॅक्स रिटर्न मागत नाहीत. बारा किंवा चोवीस महिन्यांची बँक स्टेटमेंट्स घेऊन त्यात जमा झालेल्या रकमांवरून उत्पन्न ठरवतात. केटरिंग, नृत्यवर्ग, फोटोग्राफी, ट्रकिंग, घरविक्रीचं कमिशन किंवा १०९९ वर, म्हणजे पगारी नोकर न होता कंत्राटाने, आयटीचं काम करणाऱ्या बऱ्याच मराठी घरांपर्यंत हे कर्ज पोचलेलं आहे. आमचं मत आधीच सांगतो. कर्ज प्रामाणिक आहे, पण महाग आहे आणि ज्यांच्या गळ्यात ते मारलं जातं त्यांतल्या अनेकांचं काम साध्या कर्जात भागलं असतं. फक्त साध्या कर्जाचं गणित कुणीतरी नीट करायला हवं होतं.

एक गैरसमज आधी दूर करू. २००८ च्या पडझडीआधी ‘सांगाल ते उत्पन्न’ धरून कर्जं वाटली गेली, हे तसलं कर्ज नाही. १० जानेवारी २०१४ पासून लागू असलेल्या नियमानुसार, राहत्या घराचं कर्ज देताना कर्जदाराची फेडण्याची ऐपत तपासणं लेंडरला (कर्ज देणाऱ्याला) बंधनकारक आहे. इथेही ती तपासतात, फक्त कागद वेगळे असतात. त्यामुळे ‘काही कागद लागत नाहीत’ असं सांगणाऱ्या ब्रोकरपासून लांबच राहावं.

आधी व्हिसा, मग उत्पन्न

ग्रीन कार्ड असेल तर फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक (लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन संस्था) यांच्या नियमांतलं साधं कर्ज नागरिकासारखंच मिळतं. ग्रीन कार्ड नसेल, पण देशात कायदेशीर वास्तव्य असेल, तरीही हे कर्ज मिळू शकतं. मात्र एफएचए कर्जाचा, म्हणजे सरकारी विम्याच्या आधारावर कमी डाउन पेमेंटमध्ये मिळणाऱ्या कर्जाचा, रस्ता आता बंद आहे. २५ मे २०२५ पासून कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्यांना एफएचए मिळत नाही. इंटरनेटवरचे जुने सल्ले अजूनही ‘साडेतीन टक्के डाउन पेमेंटवर एफएचए घ्या’ म्हणतात. ते वाचून घराचा शोध सुरू करू नका.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. एच-१बीवरच्या माणसाची फ्रीलान्सिंगची कमाई उत्पन्नात धरायला सांगू नये. एच-१बी त्या एका मालकापुरताच असतो. बाहेरची कमाई लेंडर धरणार नाही आणि आपण व्हिसाचा नियम मोडल्याचा पुरावा आपल्याच सहीने फाइलला जोडलेला असेल. एच-४ ईएडी (एच-१बीवाल्यांच्या काही जोडीदारांना मिळणारा कामाचा परवाना) असलेल्या जोडीदाराला २०१५ पासून स्वतःचा व्यवसाय करता येतो. त्यामुळे मराठी घरांत अनियमित कमाईचा प्रश्न बहुधा तिथेच येतो: एकाचा पगार, दुसऱ्याचा टिफिनचा किंवा डिझाइनचा व्यवसाय. यात मेख ईएडीच्या तारखेची आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या बहुतेक नूतनीकरण अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. पूर्वी जुनं कार्ड आणि पावती जोडून काम भागायचं, आता लेंडर नवं कार्डच मागतो. कार्डाची मुदत क्लोजिंगच्या (घराचा आणि कर्जाचा व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवसाच्या) आसपास संपत असेल तर घराची बोली लावायची घाई करू नका.

आणि सगळ्यांत सोपा उपाय, जो ब्रोकर क्वचितच स्वतःहून सुचवतात: पगार एकट्याने पुरत असेल तर व्यवसाय करणाऱ्याचं उत्पन्न अर्जात आणूच नका. फॅनी मेच्या नियमांत सहकर्जदाराचं व्यवसायाचं उत्पन्न धरायचंच नसेल, तर त्याचा नफा-तोटा तपासण्याची सक्ती लेंडरवर नाही. किंवा कर्ज एकाच्या नावावर घ्या. घराच्या मालकीत दुसऱ्याचं नाव तरीही घालता येतं. कर्जाची नोट (फेडीचं वचन) आणि घराचा डीड (मालकीचं खत) हे दोन वेगळे कागद आहेत.

साध्या कर्जाचं गणित, जे अर्धवट केलं जातं

व्यवसायात २५ टक्के किंवा जास्त मालकी असेल तर तुम्ही स्वयंरोजगारी. साधारण दोन वर्षांचा इतिहास लागतो. बारा ते चोवीस महिनेच झाले असतील तरी वाट बंद नाही. शेवटच्या रिटर्नमध्ये या व्यवसायाचे पूर्ण बारा महिने दिसावेत आणि आधी त्याच क्षेत्रात तितकंच कमावत असल्याचं दाखवता यावं.

एकट्याच्या व्यवसायाचं उत्पन्न टॅक्स रिटर्नमधल्या शेड्यूल सीच्या ३१ व्या ओळीपासून (निव्वळ नफा) सुरू होतं, पण तिथे थांबत नाही. घसारा, घरातल्या ऑफिसचा खर्च आणि गाडीच्या मैलांमागे मिळणाऱ्या करवजावटीतला घसाऱ्याचा हिस्सा त्यात परत मिळवायचा असतो, कारण हे पैसे व्यवसायासाठी वेगळे खिशातून गेलेले नसतात. मैलांचा हिस्सा २०२४ साठी मैलामागे ३० सेंट आणि २०२५ साठी ३३ सेंट आहे. तो सर्रास विसरला जातो.

समजा २०२४ चा निव्वळ नफा ५८,००० डॉलर आणि २०२५ चा ७०,०००. नुसती सरासरी काढली तर महिन्याला ५,३३३. आता दोन्ही वर्षी घसारा ४,०००, घरातलं ऑफिस ३,००० आणि व्यवसायासाठी दहा हजार मैल धरा. पहिल्या वर्षाचे ६८,००० होतात, दुसऱ्याचे ८०,३००. चोवीसने भागलं की महिन्याला ६,१७९. फरक ८४६ डॉलरचा. उत्पन्नाच्या ४५ टक्के हप्त्यांत जाऊ शकतात असं धरलं, तर महिन्याला ३८० डॉलरचा हप्ता जास्त झेपतो आणि ७ टक्के दराच्या तीस वर्षांच्या कर्जात त्याची किंमत सुमारे ५७,००० डॉलर आहे. एवढं घर केवळ बेरीज न केल्याने हातचं जातं.

म्हणून ‘तुमचं उत्पन्न बसत नाही’ असं कुणी म्हणालं की उत्पन्नाच्या हिशेबाचा कागद मागा. फॅनी मेचा फॉर्म १०८४ नेमका यासाठीच आहे. तो भरलेला दाखवायला जो कचरतो, त्याने बहुधा तो भरलेला नसतो.

सीपीएशी (कराचं काम बघणाऱ्या लेखापालाशी) आधीच बोलण्यासारखी एक बारीक गोष्ट: २,४०० डॉलरचा लॅपटॉप ‘साहित्य’ म्हणून खर्ची टाकला तर तो परत मिळवला जात नाही. तोच १३ व्या ओळीत घसारा किंवा सेक्शन १७९ (पूर्ण किंमत त्याच वर्षी वजा करण्याची सवलत) म्हणून गेला तर मिळवला जातो. कर जवळपास तितकाच, पण कर्जाच्या नजरेत उत्पन्न जास्त. झालेला खर्च लपवून नफा फुगवणं मात्र करू नये. रिटर्नची खातरजमा लेंडर फॉर्म ४५०६-सी वापरून थेट आयआरएसकडून (करखात्याकडून) करतो आणि अर्जाच्या तोंडावर दुरुस्त करून भरलेलं रिटर्न दिसलं की शंकेची पाल चुकचुकतेच.

उत्पन्न चढतं असेल तर सरासरी धरतात. उतरतं असेल तर कमी असलेला आकडा धरतात, आणि तोही घसरण थांबल्याचं पटलं तरच. गणपती ते दिवाळी जोरात आणि जानेवारी रिकामा, याने काही बिघडत नाही. वर्षामागून वर्ष घटणारा आकडा मात्र बिघडवतो.

बँक स्टेटमेंट लोनमध्ये नक्की काय मोजतात

वरचं गणित नीट करूनही आकडा पुरत नसेल तर हे कर्ज बघावं. इथे अंडररायटर स्टेटमेंटची एकेक ओळ वाचतो. एखाद्या डिझाइन व्यवसायाच्या खात्याचा एक महिना असा समजा. ३ तारखेला कार्ड पेमेंटचे ४,२०० आले. ७ तारखेला नवऱ्याच्या खात्यातून झेलने (खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवण्याची सोय) १,५००. ११ तारखेला परत केलेल्या वस्तूचे ३१२. १५ तारखेला रोख ९००. २२ ला ग्राहकाकडून वायरने ३,६००. २८ ला भिशीचे ५,०००. खातं म्हणतं महिन्याला १५,५१२ जमा झाले. अंडररायटर ४,२०० आणि ३,६०० वर खूण करतो, बाकी सगळ्यावर काट मारतो. उरले ७,८००.

आणि तेही पूर्ण धरत नाहीत. व्यवसायाच्या खात्यावर सरसकट ५० टक्के खर्च धरण्याची पद्धत आहे, म्हणजे उत्पन्न ३,९००. घरी बसून डिझाइन करणाऱ्याचा खर्च कुठला निम्मा? तिथे सीपीएचं पत्र कामी येतं. खर्च २० टक्केच आहे असं त्याने लिहून दिलं आणि लेंडरने ते मान्य केलं, तर तेच उत्पन्न ६,२४० होतं. ट्रकिंग किंवा केटरिंगमध्ये खर्च खरोखरच निम्म्यावर असतो, तिथे पत्राचा उपयोग नाही. व्यवसायाचं खातं वेगळं ठेवून त्यातून दर महिन्याला स्वतःच्या खात्यात पैसे घेत असाल, तर वैयक्तिक खात्यातली ती जमा अनेक लेंडर पूर्ण धरतात. म्हणजे खाती वेगळी ठेवण्याची शिस्त इथे थेट पैशांत मोजली जाते.

भिशीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या लोकांच्या फाइली तिथे हटकून अडतात. अंडररायटरला भिशी ठाऊक नसते. त्याला दिसते अचानक आलेली, कागद नसलेली मोठी रक्कम. ती लपवलेलं कर्जही असू शकते असं त्याला वाटतं आणि त्याच्या जागी ते चूक नाही, कारण भिशी आधी उचलली असेल तर पुढचे हप्ते देणं बाकी असतंच. उत्पन्न म्हणून तर सोडाच, डाउन पेमेंटसाठीही ती रक्कम धरत नाहीत. साध्या खरेदी कर्जात हिशेबात धरलेल्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी प्रत्येक जमा ‘मोठी जमा’ ठरते आणि डाउन पेमेंटसाठी ते पैसे लागणार असतील तर तिचा उगम दाखवावा लागतो. सहसा शेवटच्या दोन महिन्यांची स्टेटमेंट्स मागतात. त्यामुळे घर घ्यायचं असेल त्या वर्षी भिशीचा नंबर शक्य तितका लवकर लावून घ्या, आणि कुणी विचारलं तर खरं तेच लिहून द्या.

खात्यात पैसे नसताना पेमेंट परत गेलं असेल तर तेही मोजतात. वर्षात अशा तीनचार घटना झाल्या की बरेच लेंडर मागे सरतात. अर्जाच्या वर्षभर आधी खात्यात हजारभर डॉलरची गादी ठेवून द्यावी, तिला हातच लावू नये.

बारा महिने द्यायचे की चोवीस, हे दोन्ही सरासऱ्या काढून ठरवा. धंदा वाढता असेल तर बारा. मागचं वर्ष मंद गेलं असेल तर चोवीस, पण घट का झाली याचा खुलासा तयार ठेवा.

किंमत

व्याजदर साध्या कर्जापेक्षा सहसा एकदीड टक्का वर असतो, कधी त्याहूनही जास्त. डाउन पेमेंट १० टक्क्यांपासून चालतं असं सांगतात. प्रत्यक्षात बरा दर २० टक्क्यांनंतरच दिसू लागतो. शिवाय काही महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी गंगाजळी खात्यात दाखवावी लागते.

चार लाख डॉलरचं तीस वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २,५२८. पावणेआठ टक्क्यांनी २,८६६. महिन्याला ३३८, वर्षाला चार हजारांवर. दोन वर्षांत रिटर्न सुधारून साध्या कर्जात बदली करून घेऊ असं ब्रोकर सांगतो. त्यात तथ्य आहे, पण बदलीचा खर्च सर्वसाधारणपणे कर्जाच्या २ ते ५ टक्के असतो. या कर्जावर तो आठ हजारांपासून पुढे. म्हणजे आठ हजार वसूल व्हायलाच दोन वर्षं लागतात, आणि तोवर बाजारातले दर चढलेले नसावेत ही आशा वेगळीच. दोन वर्षांत घर विकून गाव बदलायची शक्यता असेल तर हे कर्ज घेऊच नये, असं आम्ही स्पष्ट सांगू.

उलट बाजूही मांडली पाहिजे. नुसतं रिटर्न सुधारण्यासाठी दोन वर्षं थांबणंही फुकट नसतं. त्या काळात भाडं जातं आणि वाढलेल्या नफ्यावर करही जातो. ज्याचा खर्च कायदेशीर आहे, नफा कागदावर कमीच राहणार आहे आणि हातात २० टक्के रोख आहे, त्याच्यासाठी हे कर्ज योग्य आहे. अशा माणसाला साध्या कर्जाच्या रांगेत उभं करण्यात अर्थ नाही.

एक जमेची बाजू फार कमी जण सांगतात. राहत्या घरावरच्या अशा कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. अशा कर्जात दंडाची ओळ दिसली तर ती काढायला लावा. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराचे नियम निराळे, तिथे दंड असू शकतो. म्हणूनच ‘कागद सोपे होतील, गुंतवणुकीचं घर म्हणून दाखवू’ हा सल्ला दुहेरी घातक आहे. दंड लागू होतोच, शिवाय राहण्यासाठी घेऊन खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे.

भारतातून येणारे पैसे

आई-वडिलांची भेट डाउन पेमेंटसाठी चालते. फॅनी मेच्या नियमांत एका कुटुंबाच्या राहत्या घरासाठी पूर्ण डाउन पेमेंटही भेटीतून देता येतं. बँक स्टेटमेंट लोनमध्ये मात्र अनेक लेंडर काही टक्के तुमचे स्वतःचे मागतात. भेटपत्र हवं आणि त्यात ‘परतफेड अपेक्षित नाही’ हे वाक्य हवं. पैसे क्लोजिंगआधी डॉलरमध्ये बदलून अमेरिकेतल्या खात्यात आलेले असले पाहिजेत. पुण्यातला फ्लॅट विकून पैसे येत असतील तर खरेदीखत आणि इंडेक्स टू बहुधा मराठीत असतात. त्यांचं इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. ऐन वेळी त्यात आठवडा जातो.

भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) खाली आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण अशा भेटीवर १० लाख रुपयांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. वडिलांनी एकट्याने एकदम ४० लाख पाठवले तर ६ लाख अडकतात. ते रिटर्न भरल्यावर मिळतात, पण क्लोजिंगला उपयोगी पडत नाहीत. आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून मार्चमध्ये १०-१० लाख आणि एप्रिलमध्ये पुन्हा १०-१० लाख पाठवले, आणि त्या वर्षांत दुसरं काही पाठवलेलं नसेल, तर तेच ४० लाख टीसीएसविना येतात. पैसे तुमच्याच एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवण्याचं अनिवासी खातं) असतील तर हा प्रश्नच नाही. एनआरओतून (भारतातल्या कमाईचं अनिवासी खातं) आणायचे तर सीएचं प्रमाणपत्र लागतं. वर्षभरात परदेशातून मिळालेल्या भेटी आई-वडील मिळून १,००,००० डॉलरच्या वर गेल्या तर अमेरिकेत फॉर्म ३५२० भरायचा. कर लागत नाही, पण न भरल्यास दंड जबर आहे.

ब्रोकर निवडताना

ब्रोकरचा परवाना एनएमएलएस या परवाना-नोंदणीच्या ग्राहकांसाठीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. तीन ठिकाणी अर्ज करा आणि शक्यतो एकाच दिवशी लोन एस्टिमेट (दर आणि खर्चाचं अंदाजपत्रक) मागवा, कारण दर रोज हलतात. पूर्ण अर्ज मिळाल्यावर तीन कामकाजी दिवसांत ते देणं बंधनकारक आहे. दुसऱ्या पानावरचा ए विभाग आधी बघा. लेंडरचं खरं शुल्क आणि पॉइंट (दर कमी करण्यासाठी आगाऊ भरायची रक्कम) तिथे असतात. बाकी खर्च जवळपास सगळीकडे सारखे असतात. तीन ठिकाणी क्रेडिट तपासल्याने स्कोअर तीनदा पडत नाही. ४५ दिवसांतल्या गृहकर्जाच्या चौकश्या एकच धरल्या जातात.

निदान एक लोन एस्टिमेट साध्या कर्जाचं असू द्या, ब्रोकर नको म्हणाला तरी. त्याशिवाय महाग कर्ज किती महाग आहे ते कळणार नाही. २०२६ मध्ये बहुतेक काऊंटींत साध्या कर्जाची कमाल रक्कम ८,३२,७५० डॉलर आहे. त्यापुढे जम्बोचे, म्हणजे मोठ्या कर्जाचे, नियम लागतात आणि मग दोन दरांतलं अंतर कमीही होऊ शकतं.

मंजुरी मिळाल्यावर क्लोजिंगपर्यंत नवं क्रेडिट कार्ड, गाडीचं कर्ज, खात्यांमधली उलथापालथ, एलएलसीचं नाव बदलणं, यातलं काहीही करू नका. व्यवसाय चालू असल्याची खातरजमा शेवटच्या टप्प्यातही करतात. संकेतस्थळ बंद किंवा परवान्याची मुदत संपलेली असेल तर फाइल तिथेच थांबते. क्लोजिंग डिस्क्लोजर (अंतिम दर आणि खर्चाचा तपशील) क्लोजिंगच्या तीन कामकाजी दिवस आधी हातात पडलं पाहिजे. ते लोन एस्टिमेटशेजारी ठेवून आकडा आकडा ताडून बघा.

नकार आला तर पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवणं लेंडरला भाग असतं. कारणं त्या पत्रात नसतील तर ती मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. कारण ‘अपुरं उत्पन्न’ असेल तर उत्पन्नाच्या हिशेबाचा कागद मागून मैल, घसारा आणि वगळलेल्या जमा एकेक करून तपासा. कारण ‘उगम न दाखवलेली रक्कम’ असेल तर ती रक्कम बाजूला ठेवून उरलेल्या पैशांत बसेल असं घर शोधा किंवा दोन महिने थांबून नव्या स्टेटमेंट्सवर अर्ज करा.